सासुरवाडीच्या उतारावरचा गिअरबॉक्स

आमच्या ट्रकचा गिअरबॉक्स सारखा का जायचा, हे कोणी शोधून काढलं असं वारूळवाडीच्या कोणत्याही गॅरेजात विचारा. सगळे उस्ताद मेकॅनिककडे बोट दाखवतील. साफ खोटं आहे. शोधलं मी. त्या वेळी माझ्या पोटात ढवळत होतं, गालात लिंबाची फोड होती आणि डोकं केबिनच्या खिडकीबाहेर लोंबत होतं, हे खरं. पण शोधलं मी. उस्ताद तेव्हा गॅरेजातल्या खाटेवर घोरत होता. एवढं एकदा कागदावर यावं म्हणून लिहायला बसलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या पाट्या उचलण्यापासून सुरुवात केलेला माणूस. पाट्यांवरून हातगाडी, हातगाडीवरून टेम्पो आणि टेम्पोवरून हा दहाचाकी ट्रक, तोही दुसऱ्याने वापरून दमवलेला. यातली एकही वस्तू मी समोरच्याने सांगितलेल्या भावाला घेतली नाही. माझ्या लग्नातल्या बँडवाल्याशी मी वरात निघेपर्यंत घासाघीस करत होतो आणि शेवटी त्याने वैतागून एक सनई कमी केली. हा स्वभाव आहे. त्याची मला लाज नाही. त्याच्याच जोरावर ट्रक दारात उभा राहिला.

ट्रकला बांधलेलं काम एकच होतं. घोडेगावचा एक व्यापारी तळेघरच्या वरच्या रानातला हिरडा घ्यायचा. जाताना आम्ही सिमेंट, पत्रे, दुकानदारांचा किराणा वर न्यायचो आणि येताना हिरड्याची पोती खाली आणायचो. हिरडा पावसाआधी खाली यावा लागतो. भिजला की काळा पडतो आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. व्यापारी फार कमी बोलायचा. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स गेला आणि माल रस्त्यात अडकला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अजून एकदा गाडी वाटेत बसली, तर मी दुसरी बघतो." असल्या माणसाशी भांडता येत नाही. मला ते काम टिकवायचं होतं. ते गेलं असतं तर ट्रक विकावा लागला असता, आणि सारखा बसणारा ट्रक घेतो कोण? असला घेणारा मीच एक होतो.

पहिल्यांदा बॉक्स गेला तो डिंभ्याच्या अलीकडे. ड्रायव्हरने सांगितलं, की जात्यात खडे पडल्यासारखा आवाज आला आणि गिअरचा दांडा जागच्या जागी रुतला. दुसऱ्या गाडीने ओढून ट्रक वारूळवाडीला उस्तादकडे आणला.

उस्ताद मूळचा जुन्नरचा. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. आम्ही दोघंही बेल्ह्याच्या बैलबाजारात वाढलेलो, त्यामुळे मजुरी ठरवायची ती कापडाखाली हात घालून, बोटं दाबून. म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव कळत नाही. बाजारात त्यासाठी उपरणं असतं; उस्तादकडे ऑइल पुसायचं फडकं होतं. आमचा सौदा गुपचूप व्हायचा आणि मी बाहेर चहाला गेलो, की चहावाला माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघून भाव सांगायचा.

बॉक्स उघडल्यावर उस्तादने आतल्या तेलात बोट बुडवून नाकाशी नेलं.

"भाऊ, वास घ्या. हे काय तेल हाय? याच्यात भजी तळली असतील कुणीतरी."

"तेल तूच सांगितलेल्या दुकानातनं घेतलंय."

"म्हणून तर सांगतो. त्या दुकानात घेऊ नका."

"दुकान तुझ्या मेव्हण्याचं आहे!"

"मेव्हण्याचं हाय म्हणून तर मला माहिती ना."

तेल बदललं, जळालेले भाग बदलले, ट्रक चालू लागला. पंधरवडाभराने परत तोच आवाज, तोच रुतलेला दांडा आणि जवळजवळ तीच जागा. या वेळी मी सरळ म्हणालो, की तू जुना माल बसवलास. म्हणालो म्हणजे ओरडलो. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊन रस्ता ओलांडून आली.

उस्ताद कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "भाऊ, तुमी भाव इतका पाडता, की त्यात निम्माच माल बसवायला पायजे. मी पुरा बसवला. चूक झाली माझी. लिहून देऊ?"

लोक हसले. माझ्याकडे बघून हसले, हे मी आजही विसरलेलो नाही.

तिसऱ्यांदा ट्रक ओढून आणला तेव्हा हंगाम सरत आला होता आणि व्यापाऱ्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. आधी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो, देवाच्या शपथा घेतल्या आणि भाड्याची गाडी पाठवून अडकलेला माल स्वतःच्या खिशातून खाली आणून दिला. तेवढ्यावर त्याने एक फेरी दिली. एकच. मग गॅरेजात स्टूल मागून घेतलं आणि बॉक्सच्या पुढ्यात ठाण मांडलं. उस्तादने कोणता भाग कुठून काढला, काय घातलं, सगळं बघायचं ठरवलं. तो चिडला. म्हणाला, "ऑपरेशनच्या टेबलाजवळ पेशंटच्या सासऱ्याला बसवत न्हाईत." मी हललो नाही.

त्यामुळे एक गोष्ट बघायला मिळाली. बॉक्सात दोन मोठे शाफ्ट असतात, एक वर आणि एक खाली. खालचा नव्यासारखा चकाकत होता. वरचा मात्र जळून निळा-काळा पडला होता आणि त्याच्यावरचे गिअर त्याला चिकटून बसले होते.

"दर टायमाला असंच," उस्ताद डोकं खाजवत म्हणाला. "खालचा नवरदेव आणि वरचा मयत. तेल बॉक्सात पुरं हाय, खालच्याला पोचतंय, मग वरच्यालाच उपास का?"

"वर तेल जातं कसं?"

"कसं म्हणजे? खालचा अर्धा तेलात बुडालेला असतो. तो फिरला की दात्यांनी तेल उडवतो वर. रहाटानं पाणी काढल्यावानी."

"मग रहाट बिघडला असेल."

"रहाट चांगला हाय म्हणूनच डोकं खातोय, भाऊ!"

मग त्याने नेहमीचं केलं, म्हणजे सगळं नवीन बसवलं आणि नशिबावर सोडलं. बॉक्स जोडून टेबलावर ठेवला, वरचं झाकण अजून उघडंच होतं, आणि तो पानाच्या दुकानात गेला. मी कंटाळलेलो होतो. बॉक्सच्या मागच्या तोंडाला, जिथून ताकद चाकांकडे जाते तिथे, हाताने धरून गरागरा फिरवलं. वरचा शाफ्ट फिरला. खालचा जागचा हलला नाही. तळातलं तेल इतकं शांत होतं, की छपराला टांगलेला बल्ब त्यात स्पष्ट दिसत होता.

"हात काढा!" उस्ताद रस्त्यातूनच ओरडला. "खेळणं हाय का ते?"

हात काढला. त्या वेळी त्याचा अर्थ मला कळला नाही. पण उस्तादलाही कळला नाही, आणि बॉक्स त्याचा धंदा आहे.

आता उरला ड्रायव्हर. तो तळेघरच्या अंगाचाच होता, शांत, देवभोळा, दारूला न शिवणारा. त्याच्यावर संशय घ्यायला मला जागा मिळत नव्हती, याचाच मला राग यायचा.

"तू घाटात करतोस काय नेमकं?" मी त्याला विचारलं.

"काय न्हाय शेठ. चढाला तिला दम देतो आन् उताराला जपून आणतो. तुमी या की एकदा संगं."

तीच तर अडचण होती. ट्रकचा मालक असून मला गाडी लागते. सपाटीवर काही नाही, पण वळणं सुरू झाली की पोट वर येतं. म्हणून इतक्या दिवसांत मी एकदाही तळेघरला स्वतःच्या गाडीतून गेलो नव्हतो. ही गोष्ट मी लोकांपासून लपवून ठेवली होती, कारण ज्याला गाडी लागते त्याच्याशी भावात कोणी नमतं घेत नाही. पण फेरी एकच मिळाली होती. लिंबं घेतली, उपाशीपोटी निघालो आणि केबिनमध्ये खिडकीशी बसलो.

चढ कसाबसा काढला. ड्रायव्हर गाडी खरोखर छान चालवत होता. गिअर असा टाकायचा, की झोपलेलं मूल उठू नये. वर माल भरला, पोत्यांची थप्पी दोराने आवळली, ड्रायव्हरने चहा घेतला. मी घेतला नाही. मग परत निघालो.

तळेघर मागे पडलं आणि उताराचं तोंड आलं. ड्रायव्हरने दांडा मधोमध आणला, म्हणजे गिअर काढून टाकला, आणि इंजिन बंद करायची दोरी ओढली. भरलेला दहाचाकी ट्रक एकदम गप्प झाला आणि आपल्या वजनाने खाली सरकू लागला.

"बंद पडली?" मी दचकून विचारलं.

"न्हाय शेठ. बंद केली."

"का?"

"आयका," तो म्हणाला.

मी कान दिला. टायरखाली खडी करकरत होती. पोत्यांचे दोर कुरकुरत होते. कुठेतरी टिटवी ओरडली. मग उजव्या हाताच्या टेकडीवरून, खूप लांबून, कोणीतरी हेल काढून हाक मारली, "ओ पावणंऽऽ! थांबा वंऽऽ!"

ड्रायव्हरचा चेहरा उजळला. हळूच ब्रेक दाबत त्याने गाडी कडेला घेतली. टेकडीवरून एक बाई डोक्यावर गाठोडं आणि काखेत कोंबडी घेऊन पायवाटेने धावत उतरत होती.

मग त्याने मला समजावून सांगितलं, अगदी कौतुकाने. त्या उतारावरच्या सगळ्या वाड्या त्याच्या बायकोकडच्या. तिकडे एसटी क्वचित येते, आणि घोडेगावला कचेरीत नाहीतर दवाखान्यात जायचं तर माणसं पायीच निघतात. ट्रकचा आवाज आला की लोक शेतातून हाक मारतात. एकदा इंजिनाच्या आवाजात त्याला चुलतसासूची हाक ऐकू आली नाही. ती घोडेगावपर्यंत चालत गेली आणि पुढचं वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तिने पंगतीत उभं राहून सांगितलं, की आपला जावई मोठा शेठ झालाय, त्याला माणसं दिसत नाहीत. तेव्हापासून उतार लागला की तो इंजिन बंद करायचा. म्हणजे हाक ऐकू यायची.

"डिझेल बी वाचतं शेठ," तो म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन.

डिझेल वाचतं म्हटल्यावर मी क्षणभर खूश झालोही. पण माझं लक्ष डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्याकडे गेलं. या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिन भरतं. इंजिन बंद, आणि दर हाकेला ब्रेक दाबला की काटा थोडा खाली. माझ्या पोटातलं लिंबू वर आलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जे व्हायचं ते झालं.

मोकळा होऊन तसाच लोंबकळत असताना पायांखालून एक बारीक सूर येत असल्याचं मला ऐकू आलं. इंजिन बंद, तरी बॉक्सात काहीतरी फिरत होतं आणि सुईसारखं किंचाळत होतं. चाकं फिरत होती. चाकं वरच्या शाफ्टला फिरवत होती. आणि खालच्याला? खालच्याला इंजिन फिरवतं. इंजिन झोपलेलं. मला तो तेलातला बल्ब आठवला, जराही न हलणारा.

"थांबव!" मी ओरडलो. "गाडी थांबव!"

"हितं कोण न्हाय शेठ. फुडच्या वळणावर दोघं हायेत..."

"अरे, माणसांसाठी नाही! थांबव आणि इंजिन चालू कर!"

त्याने थांबवलं. इंजिन चालू झालं. मी खाली उतरलो, बॉक्सला हात लावला आणि चटका बसला तसा मागे घेतला. मग त्याला शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता, पण पटलेलं काहीच नव्हतं.

"इंजिन बंदच हाय तर आत झिजंल काय, शेठ? झोपलेल्या माणसाचं पाय दुखत्यात व्हय?"

"झोपलेल्या माणसाला तू घाट उतरवतोयस!"

हे मात्र त्याला कळलं. तो बॉक्सकडे बघून "आरं देवा" म्हणाला आणि खरोखर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगून टाकलं, की आजपासून उतारावर इंजिन बंद करायचं नाही, गिअर काढायचा नाही.

"मग हाका?"

"हाका गेल्या खड्ड्यात."

तेवढ्यात वरून आवाज आला. पोत्यांवर, वाटेत ठिकठिकाणी घेतलेली माणसं बसली होती, आणि त्यांच्या मधोमध, ड्रायव्हर पुटपुटला त्याप्रमाणे, तीच चुलतसासू. लहान चणीची, वाळलेली, तंबाखू चोळत बसलेली म्हातारी. "खड्ड्यात काय गेलं वं?" तिने विचारलं.

मी तिला समजावलं. इंजिन मी बंद करू देत नव्हतो, बॉक्सला तेल मिळावं म्हणून ते घरघरत ठेवलं होतं, त्यामुळे मला बोंबलून बोलावं लागत होतं. गाडी फुकट माणसं नेते याला माझी ना नाही म्हणालो, पण आता एकाच जागी थांबेल. खालच्या फाट्यावर. तिथे येऊन उभं राहा.

"काय म्हनतो त्यो?" म्हातारीने शेजारणीला विचारलं.

"एकाच जागी!" मी बोट दाखवून ओरडलो.

"आयकू येत न्हाई, बाबा. लई आवाज हाय गाडीचा."

"दोन! दोन जागी थांबेल!"

"आं?"

"तीन!"

"वाऱ्यानं काय बी कळंना, बघ."

"चार, माझे आई! चार ठिकाणी!"

"चार व्हय?" म्हातारी लगेच म्हणाली. "चारात कसं भागंल? वरच्या वाडीची पोरं, पल्याडच्या वस्तीची बाळंतीण, तिनं कुटवर चालावं?"

मी बेल्ह्याच्या बाजारात दलालांना रडवलेलं आहे. पण तिथे समोरच्या माणसाला माझा आकडा ऐकू यायचा. इथे मी कमी सांगितलं की म्हातारी बहिरी व्हायची आणि वाढवलं की तिचे कान उघडायचे. पोत्यांवरची माणसं तोंडाला पदर लावून हसत होती. खाली माझा ड्रायव्हर चाकांकडे बघत उभा होता. सासूकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. शेवटी उताराला जेवढी वळणं होती, तेवढे थांबे कबूल करून बसलो.

तरी ती उठेना. "आन् गाडी आली ते आमाला कळायचं कसं? आमी दिसभर वळणावर बसायचं का?"

"हॉर्न वाजवेल तो."

"हार्न तर समदेच वाजवत्यात. कंच्या हार्नाला पळायचं? म्हातारं माणूस दर हार्नाला उतरलं तर गुडघं राहतील का? येगळा पायजे."

वेगळा कबूल केला. सही करायला सांगितलं असतं तर तीही केली असती, कारण गाडी खाली न्यायची होती. मग आम्ही गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, मुंगीच्या पावलाने उतरलो. बॉक्स हूं का चूं करत नव्हता. मला ओकारी मात्र घोडेगावपर्यंत येत राहिली.

माल व्यवस्थित पोचला. व्यापाऱ्याने पुढची फेरी सांगितली. दुसऱ्या दिवशी मी तडक वारूळवाडीला गेलो. उस्तादला सगळं सांगितलं: वरचा शाफ्ट, खालचा शाफ्ट, इंजिन बंद, रहाट बंद. चहावाला साक्षीला होता. उस्तादने पूर्ण ऐकून घेतलं, पान थुंकलं आणि म्हणाला, "बरोबर. म्हणून तर तुमाला स्टुलावर बसवलं मी. बघितल्याशिवाय तुमच्या डोक्यात शिरलं नसतं."

आठवड्याभरात त्याने गॅरेजच्या दाराला पाटी रंगवून लावली: उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नये, गिअरबॉक्स जळतो. खाली त्याचंच नाव. लांबलांबचे ड्रायव्हर येऊन त्याला विचारू लागले आणि तो त्यांना टेबलावरच्या बॉक्सचं मागचं तोंड फिरवून दाखवू लागला. मला एक चहासुद्धा पाजला नाही. वेगळा हॉर्न मी त्याच्याकडूनच बसवून घेतला, कारण दुसरीकडे महाग पडत होता. तेव्हाही फडक्याखाली हात घातला आणि मनगटापर्यंत काळा करून घेतला, पण भाव पाडलाच.

हॉर्न पाच भोंग्यांचा होता आणि वरपासून खालपर्यंत लांबच लांब तान घ्यायचा. पहिल्याच फेरीला ड्रायव्हरने उताराच्या तोंडाशी तो वाजवला आणि दरीतून त्याचा पडसाद आला. आधी फक्त हाकेच्या टप्प्यातली माणसं यायची. हॉर्न त्याहून खूप लांब जायचा. ज्या वाड्यांचा ड्रायव्हरशी काही संबंध नव्हता, तिथली माणसंही गाठोडी घेऊन वळणांवर उभी राहू लागली, आणि प्रत्येक जण आपलं सासूशी नातं सांगायचा.

पाऊस टेकडीवर दिसू लागला होता तेव्हा आम्ही शेवटचा हिरडा घेऊन घोडेगावला उतरलो. ट्रक व्यापाऱ्याच्या गोदामासमोर लागला. आधी माणसं उतरली. मग शेळ्या. मग एक पाळणा, त्यात बाळ, आणि बाळामागून त्याची आई. मग ती म्हातारी, जिला खाली घ्यायला दोन हमाल लागले. सगळ्यात शेवटी पोती. त्यातलं एकही भिजलेलं नव्हतं.

व्यापारी पायरीवर उभा राहून ती सगळी वरात बघत होता. त्याने एका पोत्यात हात घालून हिरडा चाळवला, दोन दाणे दाताखाली फोडून बघितले.

"पुढच्या वर्षीही तूच ये," तो म्हणाला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात त्याने बोट वर केलं. "पण तो हॉर्न काढ. गावात शिरताना कसला आवाज करतो! दुकानातलं गिऱ्हाईक पळतं."

मी त्याच्याशी कधीच घासाघीस केली नव्हती. पण या वेळी इलाज नव्हता.

"शेठ, भाडं कमी करा, वेळ बदला, पोती जास्त भरा, सगळं बोलू," मी म्हणालो. "पण हॉर्नचा सौदा माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या हातात आहे?"

मी म्हातारीकडे बोट दाखवलं. ती पायरीवर बसून तंबाखू मळत होती.

"आजी," व्यापारी नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाला, "हा हॉर्न बंद करायचा."

"आं?" म्हातारी म्हणाली.